यल्लप्पामामांचे उंदीर

दवाखान्यात नोकरी करणाऱ्यांकडे माणसांचे किस्से असतात. आमच्या सोलापूरच्या फार्मसी कॉलेजातल्या लॅबकडे आहेत ते उंदरांच्या लघवीचे! चारचौघांत सांगायची सोय नाही, म्हणून नुसते साचत गेले. तुमची जेवणं झालीत ना? मग ऐका.

आधी थोडं शास्त्र. अफूच्या घराण्यातली काही औषधं टोचली की उंदराला भरमसाट लघवी होते. माझी मैत्रीण शुभांगी म्हणायची, हा हुकूम मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींमधून सुटतो. त्या काढून टाका, मग औषध द्या, लघवी वाढणार नाही. जाळीचा पिंजरा, खाली नरसाळं, त्याखाली मोजपात्र. तिची अख्खी पीएचडी त्या मोजपात्रांवर अवलंबून होती.

*

टेंभुर्णीची एक नवी विद्यार्थिनी आली. पहिल्याच दिवशी गाईड मॅडमना म्हणाली, "मॅडम, आमच्या आज्याला मॉर्फिन दिलं तर लघवी अडली की! हितं उलटं कसं?"

"घराणं एक असलं तरी प्रत्येकाचा स्वभाव निराळा," मॅडम म्हणाल्या. "तू आणि तुझी बहीण सारख्या आहात का?"

"न्हाय मॅडम, ती शहाणी हाय!"

*

एकदा ज्या उंदरांना औषध दिलंच नव्हतं, त्यांच्यातल्या एकानं सगळ्यांपेक्षा जास्त लघवी केली. शुभांगीचा चेहरा पडला. मग कळलं, पट्ठ्यानं आदल्या दिवशी कुणाच्या तरी डब्यातली शेंगाचटणी फस्त केली होती आणि तेव्हापासून तो पाणीच पीत होता. मॅडम म्हणाल्या, "औषधापेक्षा तुमची चटणी जहाल!"

*

उंदरांची देखभाल यल्लप्पामामा करायचे. अक्कलकोटकडचे, घरी कानडी. प्रयोगात मेलेला प्रत्येक उंदीर कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत घालताना ते हळूच म्हणायचे, "होगि बा."

शुभांगीनं विचारलं, "मामा, म्हणजे काय हो?"

"जाऊन ये, ताई. निस्तं होगु, जा, म्हणू न्हाय. वंगाळ असतंय."

"अहो, पण मेलेला खरंच आला म्हणजे?"

"आला तर दाणा घालू की!"

आम्ही खूप हसलो.

*

मग शुभांगीनं एक उंदीर घेतला, त्याला औषध टोचलं, आणि त्याचं रक्त काढून दुसऱ्याला दिलं. ज्याला औषध दिलंच नव्हतं, त्याच्या पिंजऱ्याखाली टपटप सुरू! औषध टोचलेल्या पण ग्रंथी नसलेल्या उंदराच्या रक्तानं असं होत नव्हतं; म्हणजे ग्रंथींमधूनच काहीतरी रक्तात उतरतं, हे तिला दाखवायचं होतं. ती खूश झाली.

रक्त देणारा तोवर मरून पिवळ्या पिशवीत गेला होता. त्याचं रक्त मात्र शेजारच्या पिंजऱ्यात काम करत होतं. मामा मोजपात्राकडे बघत म्हणाले, "गेलाय कुटं? हितंच हाय की." तेव्हा कुणी फारसं हसलं नाही.

*

मॅडम रिटायर व्हायला आल्या होत्या आणि शुभांगीच्या सासरचे 'आता पुरे' म्हणत होते. शेवटची बॅच जुळली तर थिसिस, नाहीतर सगळी वर्षं वाया. भर दुपारी सगळ्या उंदरांना औषध टोचलं. ग्रंथी काढलेल्या एकाखालचं मोजपात्र भरायला लागलं. शेजारच्या धडधाकट उंदराखालचं कोरडं ठणठणीत!

"पिंजरे बदलले असतील गं," मी म्हणाले.

शुभांगीनं पहिला उंदीर हातात घेतला. पाठीवर तिनंच घातलेले टाके. दुसऱ्याची पाठ साफ.

"ग्रंथीचा तुकडा आत राहिला असेल," मॅडम म्हणाल्या. "दोन्ही उघडून बघू."

टाके असलेला आधी उघडला. मूत्रपिंडांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन्ही ग्रंथी जागच्या जागी, टवटवीत. शुभांगीनं त्याच्याच अंगातून काढलेल्या दोन ग्रंथी समोरच्या बाटलीत पडलेल्या होत्या.

मग दुसरा. बाहेरून साधा ओरखडाही नाही. आत दोन्ही मूत्रपिंडं होती, आणि त्यांच्यावर काहीच नव्हतं.

शुभांगी रडायला लागली. मॅडम चष्मा पुसत राहिल्या.

यल्लप्पामामांनी दोन्ही उंदीर पिशवीत घातले. गाठ मारली. त्यावर आणखी एक गाठ मारली.

"होगु," मामा म्हणाले, आणि थांबले. पुढचं 'बा' आलंच नाही.