मोरी आडनावाचा पाहुणा

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगितलंत की वर्गात एक नवी जपानी मुलगी आली आहे, तिचं आडनाव मोरी. तुमचा बाबा खो खो हसला आणि भांडी घासायची, सांडपाण्याची मोरी म्हणजे काय ते त्याने तुम्हाला शिकवलं. आता तुम्ही ते शाळेत सांगाल. त्याआधी हे वाचा. हे घडलं तेव्हा तुमचा बाबा सुट्टीत भारतात होता. त्याला यातलं काही माहीत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही शारजात राहायचो. तुमचे आजोबा तिथल्या हमरिया औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मॅनेजर होते. धाकट्या भावाला, म्हणजे माझ्या दिरांना, त्यांनीच तिथे फिटर म्हणून आणलं होतं. मशीन बसवायला जपानहून मोरी नावाचे इंजिनिअर आले. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर दिरांची चूक दाखवली. तेव्हापासून मोरी दिसले की दीर म्हणायचे, "चला, मोरी तुंबली!" आणि मराठी मंडळी हसायची.

एका शुक्रवारी आजोबांनी मोरींना जेवायला बोलावलं. दीरही होते. आमटीभात खाता खाता पाहुण्यांनी मला विचारलं, "माझ्या नावाला हे लोक हसतात का?" उत्तर टाळून मी त्यांनाच नावाचा अर्थ विचारला. त्यांनी कागदी रुमालावर नावाचं जपानी अक्षर काढलं: तीन झाडं, वर एक, खाली दोन. मोरी म्हणजे दाट झाडी. रानालगत राहणाऱ्यांनी हे नाव घेतलं. पुढे सरकारने आडनाव सक्तीचं केलं तेव्हा आणखी कितीतरी जणांनी. "माझ्या वर्गात तिघे मोरी होते," ते म्हणाले. "नातं कुणाचंच नाही. सगळे झाडांजवळचे, एवढंच."

दीर ताट घेऊन उठले. "मोरीसान, कम! युअर हाउस!" पाहुण्यांचा दंड धरून त्यांनी त्यांना बाथरूममध्ये ओढत नेलं आणि ताटातलं खरकटं तिथल्या मोरीच्या जाळीवर ओतलं. "धिस इज मोरी!"

मागोमाग आलेल्या आजोबांनी भावाच्या कानाखाली वाजवली.

"दादा, अरे मस्करी केली!"

"माझ्या घरात? माझ्या पाहुण्याची?" आणखी एक बसली.

दिरांनी आजोबांचा गळा धरला आणि डोकं आरशावर आपटलं. आरसा फुटला. त्यातला तुकडा दिरांच्या हातात आला.

"वहिनी, बाजूला व्हा! जन्मभर याचे उपकार ऐकतोय!"

मी दिरांचा शर्ट खेचला, तो टर्रकन फाटला. मोरी मध्ये पडले आणि त्यांचा तळहात मनगटापर्यंत चिरला. रक्त जाळीतून खाली जाऊ लागलं तेव्हा कुठे दोघे भाऊ थांबले.

हॉस्पिटलात पोलीस आला. मारामारी हा शब्द निघाला असता तर दोघे भाऊ तुरुंगात, मग व्हिसा रद्द आणि आम्ही सगळे भारतात. दीर भिंतीला टेकून उभे होते.

"पाय घसरला," मोरी म्हणाले.

पोलिसाने आजोबांच्या कपाळावरचं रक्त पाहिलं. "यांचाही?"

"हो. मोरीत."

"मोरी?"

"बाथरूम. इंडियन वर्ड."

पोलिसाने आमच्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "खलास, संपलं. यल्ला, चला, घरी जा."

मोरींची करंगळी पुन्हा नीट वाकली नाही. दिरांनी त्याच महिन्यात नोकरी सोडली. दोघे भाऊ त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत, आजही बोलत नाहीत. मोरींच्या घरून नववर्षाचं कार्ड मात्र दर जानेवारीत येतं.