आधी दोघांची तपासणी
दमयंती रत्नागिरी आगारात वाहक होती. अंगावर खाकी, गळ्यात तिकिटाचं मशीन आणि आवाज असा, की दारात लोंबकळणारा माणूस एका हाकेत आत यायचा. पण लग्नाला सात वर्षं होऊनही मूल नव्हतं, आणि त्यावर बोलायची मुभा गाडीतल्या प्रवाशांपासून घरच्यांपर्यंत सगळ्यांनी परस्पर घेऊन टाकली होती.

तिची पाळी तीन-तीन महिने यायची नाही. हनुवटीवर राठ केस यायचे. नवरा विनोद मुंबईला कंपनीत. गणपतीला, शिमग्याला आणि मधे कधी जमलं तर यायचा. सासू जनी मंडणगडकडच्या गावी.

पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी बघून सांगितलं, "पीसीओएस आहे. सरळ टेस्ट ट्यूब करून घ्या."

"आणि आमच्या मिस्टरांची तपासणी?"

"ती नंतर बघू."

"नंतर का? मूल काय माझ्या एकटीचं आहे?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. दमयंती फाईल काखेत मारून बाहेर पडली ती परत तिथं गेली नाही.

दुसऱ्या डॉक्टर इरम. वयानं लहान, पण त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. "तुमच्या अंडाशयात बीजं भरपूर आहेत, पण एकही धड पिकून बाहेर पडत नाही. थोडं वजन उतरवा, पाच-सहा किलोनंसुद्धा फरक पडतो. मग पाळी आली की पाच दिवस गोळ्या, आणि बीज वाढतंय का ते सोनोग्राफीत बघायचं. नाही जमलं तर इंजेक्शनं आहेत, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. टेस्ट ट्यूब त्याच्याही पुढे. पण पहिली गोळी देण्याआधी मला नवऱ्याचा रिपोर्ट हवा."

गणपतीत गावचं घर माणसांनी भरलेलं असताना दमयंतीनं तो विषय काढला. जनी पाहुण्यांदेखत म्हणाली, "माज्या पोराला कशाला तपासायचा? खोट तुज्यात हाय. नसल जमत तर आमी दुसरी बघू."

मोदकाच्या पिठात बुडालेले बायकांचे हात थांबले.

"खुशाल आणा, आई," दमयंती म्हणाली. "डॉक्टर तिलाही हेच सांगतील. आधी दोघांची तपासणी."

मग तिनं विनोदकडे वळून सांगितलं, "गौरी-गणपती गेले की सकाळच्या गाडीनं मी रत्नागिरीला जाणार. तुम्ही आलात तर ठीक. नाही आलात तर मीही गोळ्या घेणार नाही."

त्या सकाळी विनोद थांब्यावर तिच्या आधी येऊन उभा होता.

त्याचा रिपोर्ट उणा निघाला. शुक्रजंतू कमी होते. गुटखा सोडा, औषध घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणाल्या. दवाखान्याच्या पायरीवर तो खाली बघत बसून राहिला.

"सात वर्षं मी मान खाली घातली नाही," दमयंती म्हणाली. "तुम्हीही घालू नका. उठा."

सासूला सांगायचं की नाही हे तिनं त्याच्यावर सोडलं. त्यानं आठ दिवसांनी स्वतःच फोन केला. "आये, खोट माज्यातपन हाय. तिला परत बोलू नको."

दमयंती ड्युटीआधी भाट्याच्या समुद्रकिनारी वाळूत तासभर चालायची. वजन हळूहळू उतरलं. विनोदचा रिपोर्ट सुधारल्यावर गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या महिन्यात बीज पिकलंच नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली. दुसऱ्या महिन्यात पिकलं, तर विनोदला रजा मिळेना. दमयंतीनं त्याच्या साहेबांना फोन लावला.

"घरी अडचण आहे, त्यांना दोन दिवस पाठवा."

"कसली अडचण?"

"बाईच्या पोटातली. सगळी ऐकायची आहे का?"

साहेबांनी रजा दिली. तरीही त्या महिन्यात पाळी आली, पुढचे दोन महिनेही आली. आगारातल्या विश्रांतीच्या खोलीत ती भिंतीकडे तोंड करून रडली, नळावर चेहरा धुतला आणि पुढच्या फेरीची डबल बेल दिली.

पाचव्या महिन्यात मात्र दिवस राहिले.

मुलगी झाली. बारशाला गाव जमला, तेव्हा जनी जो येईल त्याला सांगत होती, "देवीला नवस बोललेलं, देवी पावली."

"नवस जरूर फेडा, आई, नारळ मी आणते," दमयंती सगळ्यांसमोर म्हणाली. "पण मला पीसीओएस होता, आणि गोळ्या मी घेतल्या, औषध ह्यांनीही घेतलं, तेही सांगा."

"अगो, चारचौघात काय ह्या बोलना!" जनी पुटपुटली.

"चारचौघात दुसरी आणायची भाषा झाली होती, आई."

जेवणं आटोपल्यावर विनोदची सतरा वर्षांची भाची दिशा तिच्याजवळ येऊन बसली. "मामी, माझी पण चार महिने आली नाही. आई म्हणते, कुणाला सांगू नको."

दमयंतीनं बाळ विनोदच्या हातात दिलं आणि फोन काढून डॉक्टर इरमचा नंबर दिशाला पाठवला. "सोमवारी मी घरीच आहे. आईला घेऊन ये, डॉक्टरांकडे मी बरोबर येते. आणि तुझ्या आईला मी आत्ताच सांगते."

दिशा नको नको म्हणत असताना ती उठून स्वयंपाकघरात तिच्या आईकडे गेलीसुद्धा.