दहा झाडं, पाच ओळी

सौंसरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवते. हुशार पोर मला लांबूनच ओळखू येतं, अशी माझी मोठी घमेंड होती. पांढुर्ण्याहून बसने येता येताच मी मनातल्या मनात पोरांची प्रतवारी लावून टाकायची, बाजारात संत्र्यांची लावतात तशी. फाडफाड इंग्रजी बोलेल तो एक नंबर.

त्या वर्षी छिंदवाड्याला हुशार मुलांसाठी गणिताचं शिबिर होतं आणि आमच्या शाळेतून एकच नाव जायचं होतं. निवड माझ्याकडे आली. मी ऐटीत इंग्रजीतून कोडं घातलं: संत्र्याची दहा झाडं पाच ओळींत अशी लावा, की प्रत्येक ओळीत चार येतील. माझ्या लाडक्या एक नंबरवाल्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं की झाडं वीस लागतील, प्रश्नच चुकलाय. मागच्या बाकावरच्या एका मुलीने कोरा कागद दिला. मी त्यावर भलामोठा भोपळा काढला.

मधल्या सुट्टीत ती मुलगी मैत्रिणीला विचारत होती, मॅडमनी विचारलं तरी काय होतं. मैत्रिणीने आपल्या बोलीत सांगितलं. हिने चारचौघींच्या दप्तरांतली संत्री गोळा करून फरशीवर मांडायला घेतली. मी डोकावले तर पाच टोकांची चांदणी तयार. दहा संत्री, पाच ओळी, कुठूनही मोजा, चारच. मी दोनदा मोजली, कारण माझा माझ्यावरचाच विश्वास उडाला होता.

शाबासकी द्यायला गेले तर बाईसाहेब नाराज. "पण मॅडम, अशी बाग कोनी लावत नाही. मंधातून बैल कसे फिरतीन?"

मला हसू आवरेना. भोपळा खोडला, शिबिरासाठी तिचंच नाव लिहिलं आणि तिला सांगितलं, इंग्रजी अडलं तर समजावायला मी सोबत येईन. ती खूश होईल असं वाटलं होतं. ती खाली मान घालून जिची तिला संत्री परत देत राहिली.

"माह्या मोठ्या बहिणीले बी असंच आपल्या बोलीत विचारलं असतं ना, तं तिले बी आलं असतं," ती म्हणाली. "थे तं माह्याहून हुशार हाये."

ती बहीण दोन वर्षं माझ्याच वर्गात होती. तिचेही पेपर कोरेच असायचे. हिला शिक्षण झेपत नाही, शाळेतून काढून घ्या, असं तिच्या वडिलांना बोलावून मीच सांगितलं होतं.