सुकेशनीची साफसफाई

चौदा एप्रिलची जयंती जवळ आली की सोनपेठला पंडित गुरुजींचं घर अंगणात येतं. गाद्या, भांडी, कपाटं सगळं बाहेर, आत ओल्या चुन्याचा वास. त्यांच्या पत्नी कोकिळाबाईंचा नियम एकच : लागत नाही ते टाकायचं.

त्यांची लेक सुकेशनी पुण्यातल्या एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्राम लिहिते. पुण्याच्या खोलीत एकटीनं काढलेल्या दिवसांबद्दल ती बोलत नाही. घरून काम करायची मुभा अजून पक्की झालेली नव्हती. आज दुपारपर्यंत काम पोचलं नाही, तर पुन्हा ती खोली.

आणि नेमकं आज सकाळी तिनं आईचा नियम लॅपटॉपला लावला. कोणतं अवजार कुठं ठेवलंय, हे यंत्राला सांगणारी एक सेटिंगची फाइल असते. तिच्यातल्या जुनाट वाटल्या त्या ओळी तिनं पुसल्या. मग नवं टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून साधी आज्ञा दिली. सापडत नाही. दुसरी दिली. सापडत नाही. आपल्याच घरात चाचपडणाऱ्या माणसासारखं ते यंत्र.

"बंद करून चालू कर की," चुन्याचा ब्रश घेऊन उभे असलेले गुरुजी म्हणाले.

तिनं सोबत काम करणाऱ्या नागेशला फोन लावला. तो मूळचा झरीचा.

"ताई, बंद करू नका! फाइल पुसायच्या आधी उघडलेलं एखादं टर्मिनल हाय का?"

"एक हाय, मागं."

"त्याला जुनं सगळं ध्यानात असतंय. ते गेलं की गेलं."

तेवढ्यात गुरुजींनी विजेच्या बोर्डाजवळची भिंत ओली करायची म्हणून मेन स्विचकडे हात नेला. लॅपटॉपची बॅटरी कधीचीच मेलेली; तो वायरीवरच चालायचा.

"बाबा, मेनला हात लावू नका!"

गुरुजी होते तसे थिजले. ब्रशाचा चुना मनगटावरून कोपराकडे ओघळू लागला.

"असाच उभा राहू का?"

"ऱ्हावा की," कोकिळाबाई दारातून म्हणाल्या. "शाळेत पोरांना लय उभं केलंय तुमी."

सुकेशनीनं जुन्या टर्मिनलमधून अवजारांचे पत्ते काढले, फाइलीत परत लिहिले, नवं टर्मिनल उघडलं. आज्ञा दिली. यंत्रानं ओळखलं. काम तपासून तिनं पाठवून दिलं आणि उत्तराची वाट बघत बसली. कंपनीचं उत्तर आलं : मिळालं, पुढचंही तिथूनच करा.

"पाडा आता मेन."

पंखा थांबला.

"मग, पुण्याला?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई जायचं."

गुरुजी भिंतीकडे वळले आणि रंगवून झालेल्या जागेवरच कितीतरी वेळ ब्रश फिरवत राहिले.