दारासमोरचं ताट

आमच्या शेतात भात लावायला घरचा पुरुष कधी नसायचा. मी लहान असताना बाबा पलटणीत होते, कुठेतरी बर्फात, आणि दिघाशीच्या शेतात आई एकटी गुडघाभर चिखलात. लावणी आटोपली की ती भिवंडीच्या एका कारखान्यासाठी चरख्यावर कांड्या भरायची, लूमच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या कांड्या. बोटांना चिरा पडायच्या. जेवायला बहुतेक भात आणि सुकटीचं कालवण, सुकट संपली की भात आणि मीठ-मिरची. शेजारीण तोंडावर म्हणायची, "तुमच्या घरान बाप्या टिकत न्हाय गं." आई म्हणायची, "टिकत न्हाय कसा? सरकारला लागतो त्याला काय करू?"

अशा घरात दसऱ्याला एक ताट जास्त वाढलं जायचं. पूर्ण वाढलेलं, सोबत तांब्याभर पाणी, दाराकडे तोंड करून मांडलेल्या पाटासमोर. ते माझ्या पणजोबांचं.

पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकात, बसऱ्याला गेले. दसऱ्याला जेवून घरातून निघाले तेव्हा माझे आजोबा रांगत होते. पणजोबा परत आले नाहीत, आणि गेल्याची खबरही आली नाही. पणजीने सरळ सांगितलं, "मला कोणी सांगितलं न्हाय, तवर तो हाय." कुंकू पुसलं नाही, बांगड्या फोडल्या नाहीत. पुढच्या दसऱ्याला तिने त्यांचं ताट वाढलं आणि ते सुरूच राहिलं. ती फार म्हातारी होऊन गेली, आणि गेली तीही सवाष्ण म्हणून, हिरव्या लुगड्यात, कपाळभर कुंकू लावून. पितृपंधरवड्यात तिचं पान अविधवा नवमीला असतं. तिचा टाक, चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली छोटी प्रतिमा, आमच्या देवघरात आहे. पणजोबांचा नव्हता. जिवंत माणसाचा टाक कोण करेल?

ताटाचा एक नियम कडक होता. त्याला कावळा शिवता कामा नये. कावळा शिवला तर ते पितरांचं पान झालं. म्हणून दसऱ्याला सगळे सोनं वाटत फिरायचे आणि मी दारात काठी घेऊन बसायचे. सगळ्यांची जेवणं झाली की ते ताट बाहेरून येणाऱ्या पहिल्या पुरुषाला द्यायचं. बाबा पलटणीतून सुटून अंजूरच्या एका गोडाऊनवर वॉचमन म्हणून लागले आणि आम्ही भिवंडीत खोली घेतली, तेव्हापासून तो मान शेजारच्या लूमवरच्या चाचांचा. ड्युटी सुटली की ते हात धुऊन यायचे.

"बेटा, किसका खाना है ये?"

"पणजोबा का. मेरे दादा के अब्बा. फौज में गए हैं."

"कब आएंगे?"

"मालूम नहीं. दादा छोटे थे तब गए."

चाचा जेवायचे थांबले. मग म्हणाले, "तो फिर मैं जल्दी खा लेता हूँ. आ गए तो डाँटेंगे." आई पदर तोंडाला लावून हसली. नंतर मात्र तो पाट तिने बराच वेळ उचलला नाही.

आजोबा भरती झाले ते बापाला शोधायला. दुसरं महायुद्ध सुरू होतं, त्यांना वाटलं आपल्यालाही बसऱ्यालाच पाठवतील. पलटण गेली ब्रह्मदेशात. एका कानाने बहिरे होऊन परत आले. बसरा कुठल्या दिशेला आहे एवढं त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं, शेतात उभे राहून ते हाताने दाखवायचे. मग बाबा गेले. बर्फात त्यांच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली, गुडघाही पुढे आखडला. तीन पिढ्या पलटणीत गेल्या, पण आमच्या घरात मोठ्या आवाजात शौर्याच्या गोष्टी झाल्या नाहीत. कोण परत आलं आणि कसं आलं, एवढंच बोललं जायचं.

आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.ए. झाले, इतिहास घेऊन, आणि हे मी छाती पुढे काढून सांगते. आईच्या चिरलेल्या बोटांवर ती पदवी उभी आहे. पदवी हातात आल्यावर मी आत्याला म्हटलं, "आत्या, तिकडे अशी कितीतरी माणसं मेली. पणजोबा तिथेच गेले असणार." आत्या बाबांची थोरली बहीण, घरातली शेवटची मोठी. ती म्हणाली, "तू व्हतीस काय तिथं?" विषय संपला.

दोन वर्षांपूर्वी बाबांनीच तो पुन्हा काढला. गुडघा शेकायला आम्ही त्यांना वज्रेश्वरीला नेतो. गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून बसले होते, शेजारी आत्या आणि आई. बाबा पाण्यातल्या आपल्या तोकड्या पावलाकडे बघत म्हणाले, "अक्का, आजोबांचं पान ठेवायचं हाय मला. टाक करायचा हाय. माझ्यामागं कोण करंल?"

आत्याचा आवाज चढला. "आणि म्हातारीचं काय? मीच न्हाऊ घातलं तिला, मीच कुंकू लावलं. आता त्याचं पान ठेवून तिचं कुंकू पुसतोस? मेलेल्या बाईला रांडाव करतोस?"

"तसं न्हाय गं."

"मंग कसं? तो बसऱ्याला मेला म्हटलं की ती एवढी वरसं काय व्हती?"

ती खरं बोलत होती. पणजोबांना पाणी द्यायचं तर पणजीचं सगळं आयुष्य खोटं ठरत होतं. बाबांचे डोळे भरले होते, पण वाफेनं भरलेत असं ते दाखवत होते. "तो शंभर वरसं ड्युटीवर उभा हाय, अक्का," ते म्हणाले. "मी उभा राहिलोय, मला म्हाईत हाय. कोणीतरी उतरवा ना त्याला."

तेव्हा आई बोलली. सून म्हणून या विषयात ती कधी पडली नव्हती.

"वन्सं, मी लग्न होऊन आले तेव्हा आजेसासूबाई गेल्या होत्या ना?"

"गेल्या व्हत्या."

"आणि पहिल्या दसऱ्याला तुम्हीच मला म्हणालात, आजोबांचं ताट वाढ."

"म्हणाले. मंग?"

"मग त्या गेल्या तेव्हा आपल्या घरात ते होते. त्यांच्यानंतरही मी इतकी वर्षं त्यांना वाढलं. त्या सवाष्णच गेल्या, वन्सं. आता ते गेले असं धरा. आत्ता. त्यांच्यामागून."

आत्याने पाण्यातून पाय काढले, पदराने पुसले, पुन्हा पाण्यात सोडले. मग म्हणाली, "म्हंजे म्हातारी आधी गेली."

"आधीच गेल्या."

"मंग ठेव," ती बाबांना म्हणाली. "पण अळूची भाजी कर. म्हातारी सांगायची, त्याला आवडायची."

सर्वपित्री अमावास्येला आम्ही वज्रेश्वरीलाच नदीकाठी गेलो. गुरुजी म्हणाले, बसा. बाबा म्हणाले, "गुडघा वाकत न्हाय, उभ्यानंच देतो. आम्हाला सवय हाय." पहाऱ्यावर उभं राहावं तसं ताठ उभं राहून त्यांनी पाणी सोडलं. आत्याने पान ठेवलं, भात, वडे, अळूची भाजी. कावळा आला. माझा हात सवयीने बाबांच्या काठीकडे गेला, आणि आईने तो धरून ठेवला.

त्या दसऱ्याला दारासमोर ताट वाढलं नाही. चाचांना आम्ही आमच्या पंगतीत बसवलं. भिवंडीच्या सोनाराकडून घडवून आणलेला पणजोबांचा टाक बाबांनी देवघरात, पणजीच्या टाकाशेजारी ठेवला.