पोळपाटाच्या जाडीचा बर्फ

एखाद्या गोष्टीच्या तळाशी जाणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण तळ खरवडून काढल्याशिवाय जागचा न हलणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, हे यजमान. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि तेही मला साडूभाऊच म्हणतात. जन्म नागपूरचा, नोकरी मिनियापोलिसमधल्या एका विमा कंपनीत डेटाबेस सांभाळण्याची, आणि छंद म्हणाल तर कोणतंही भांडं रिकामं करण्याचा. त्यांचं जेवून झालेलं ताट पाहिलं की आपण यांना वाढलंच नाही की काय, अशी शंका यजमानीणबाईंना यायची. एकदा हॉटेलात सूप पिऊन त्यांनी वाडगा असा लख्ख केला की वेट्रेस येऊन माफी मागू लागली, तुमचं सूप अजून कसं आलं नाही म्हणून. लोणच्याच्या बरणीत ते पोळीचा तुकडा फिरवत, टूथपेस्टची ट्यूब कात्रीनं उभी चिरत, आणि शांपूच्या बाटलीत पाणी घालून ती इतकी पुरवत की शेवटी शेवटी ते नुसत्या पाण्यानंच केस धुवत असावेत. कोणी हसलं तर म्हणत, "पानात टाकायचं नाही, असं आईनं शिकवलं ना यार. थोडं राहिलं म्हणजे काम राहिलं." पण त्यांचं खरं प्रेम होतं दुधाच्या पातेल्यातल्या खरवडीवर. आमच्याकडे बासुंदीचा बेत असला की साडूभाऊ बासुंदीसाठी नव्हे, पातेल्यासाठी यायचे. चमचा घेऊन ते एकदा पातेल्यात डोकं घालून बसले की त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसे.

दुसरा नाद सेटिंगचा. वस्तू वापरण्यापेक्षा ती वापरण्याजोगी करून ठेवण्यात त्यांना जास्त रस. त्यांच्या खिशात पाण्याचा बुडबुडा असलेली एक लहानशी लेव्हल-पट्टी कायम असे. गणपतीत आम्ही सगळे टाळ्या वाजवायच्या तयारीत उभे, ताईंच्या हातात पेटलेलं निरांजन, आणि हा गृहस्थ चौरंगाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारतोय. "दोन मिनिटं थांबा ना, बाप्पा डावीकडे कलून राहिले," असं म्हणून त्यांनी निरांजनातलं तूप संपवलं होतं. कॅरम खेळायला बसलो तर पहिला तास टेबलाचे पाय सारखे करण्यात जायचा आणि मग जेवायची वेळ व्हायची. मी त्यांच्याकडे कॅरम पुष्कळदा मांडला, खेळलो मात्र क्वचितच.

अशा माणसानं घर घ्यावं तर आमच्यासारखं ईडन प्रेरीच्या उपनगरात चार शेजाऱ्यांना धरून घ्यावं की नाही? यांनी घेतलं पार गावाबाहेर, शेतांच्या मध्ये, एका उंचवट्यावर. रस्त्यापासून घरापर्यंत लांबलचक वळणाचा खडीचा ड्राइव्हवे. जुन्या मालकानं जाताना गराजमध्ये एक जुना ट्रॅक्टर सोडला होता, आणि माझी खात्री आहे की साडूभाऊंनी ट्रॅक्टर पसंत केला व घर त्यावर सोबत मिळालं. ताईंनाही घर आवडलं, पण त्यांचं कारण वेगळं होतं. इतकी मोठी बैठकीची खोली त्यांना कधी मिळाली नव्हती, आणि तीत संक्रांतीचं हळदीकुंकू करायचं त्यांनी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलं. आता मिनेसोटात संक्रांत येते ती भर जानेवारीत. त्या वर्षी ड्राइव्हवेवर इतका बर्फ साचला की फाट्यावरूनच गाड्या परत फिरल्या आणि ताईंचं हळदीकुंकू आमच्या अपार्टमेंटमध्ये दाटीवाटीनं उरकलं. ताई हसतमुखानं वाण वाटत होत्या, पण परत जाताना गाडीत रडल्या, असं साडूभाऊंनी मला नंतर सांगितलं.

तेव्हा त्यांनी ट्रॅक्टरच्या मागे लावायचं पातं आणलं. माणसाच्या उंचीहून लांब असं ते वाकडं लोखंडी पातं ट्रॅक्टरच्या पाठीला तीन ठिकाणी जोडायचं, दांडे आवळून किंवा सैल करून हवं तसं कलतं करायचं आणि बर्फ ओढून बाजूला टाकायचा. सेटिंग करण्याजोग्या इतक्या जागा असलेली वस्तू त्यांच्या हाती यापूर्वी कधी लागलीच नव्हती. उन्हाळाभर ते गराजमध्ये जमिनीवर पालथे पडलेले असत. दसऱ्याला पात्याला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. पात्याच्या दोन टोकांना खाली बशीच्या आकाराचे दोन लोखंडी पाय होते. ते त्यांनी पहिल्याच दिवशी काढून टाकले. मी विचारलं, "हे कशाला काढले?" तर म्हणाले, "अहो, यांच्यामुळं पातं जमिनीला टेकतच नाही. खाली बर्फ राहतो ना!" आणि खाली काही राहणं म्हणजे काय, ते मी वर सांगितलंच आहे.

त्या वर्षी बर्फ लवकर पडला. जमीन अजून गोठायची होती. साडूभाऊ माकडटोपीवर आणखी एक टोपी चढवून ट्रॅक्टरवर बसले आणि एका सकाळीत त्यांनी ड्राइव्हवे असा साफ केला की बर्फाचा कण राहिला नाही. खडीचाही राहिला नाही. सगळी खडी बर्फाबरोबर हिरवळीवर जाऊन पडली होती आणि ड्राइव्हवेच्या जागी नुसता काळा चिखल. त्यांची मुलगी खिडकीतून बघून म्हणाली, "बाबा, यू मूव्ह्ड द ड्राइव्हवे!" चिखल पुढे गोठून अशी घसरगुंडी झाली की संक्रांतीला ताईंची स्वतःची गाडी वर चढेना. हळदीकुंकू पुन्हा आमच्याकडे. वसंतात आम्हाला रविवारी मिसळ खायला बोलावलं आणि मिसळीआधी हिरवळीवरची खडी वेचायला लावली. बादली उचलता उचलता ताई शांतपणे म्हणाल्या, "अहो, पुढच्या संक्रांतीला माझं हळदीकुंकू माझ्या घरात झालं नाही, तर हे घर विकायचं. आपण गावात टाउनहाऊस घ्यायचं." साडूभाऊ दुप्पट वेगानं खडी वेचू लागले. ताई चिडून बोलल्या की ते हसत, शांतपणे बोलल्या की घाबरत.

पुढच्या हिवाळ्यात लेव्हल-पट्टी त्यांच्या खिशातून बाहेर निघेना. पात्याला हात लावायचं धाडस होईना, फावड्यानं एवढा रस्ता उरकेना. संक्रांतीनंतरच्या शनिवारचं बोलावणं गेलेलं, शुक्रवारी रात्री मोठा बर्फ पडणार असा अंदाज, आणि त्या आठवड्यात मन रमावं म्हणून आम्ही त्यांना बासुंदीला बोलावलं. बासुंदी झाली, पातेलं त्यांच्यापुढे आलं. माझ्या बायकोनं त्या दिवशी नवंकोरं नॉनस्टिक पातेलं वापरलं होतं. साडूभाऊ दुःखात होते, पण चमचा स्टीलचाच होता. थोड्या वेळानं ती किंचाळली, "भावोजी, काय केलंत! तळाचा काळा थर निघाला सगळा!" साडूभाऊंनी पातेल्यातून डोकं वर काढलं. आधी चमच्याकडे पाहिलं, मग तळाकडे, मग माझ्याकडे. "निघाला," ते हळूच म्हणाले. "बरोबर आहे. निघणारच. तळाला लागायचंच नसतं ना यार!" बायकोला वाटलं, माफी मागताहेत. तोवर ते कोट चढवून दारात उभे होते. ताईंची बासुंदी वाटीत तशीच राहिली आणि, नोंद घ्यावी, पातेल्यातली खरवडही.

शुक्रवारी दुपारी ताईंचा फोन आला. "तुमच्याकडचा पोळपाट घेऊन या. माझा सापडत नाही आणि गुळाच्या पोळ्या लाटायच्यात." आम्ही गेलो तर पोळपाट गराजमध्ये पात्याखाली होता. साडूभाऊंनी काढून फेकलेले दोन्ही लोखंडी पाय शोधून परत बसवले होते, आणि पातं जमिनीपासून नेमकं एका पोळपाटाच्या जाडीवर राहावं म्हणून पायांत एकेक वॉशर घालत होते. पातं त्यांनी मागचं पुढेही करून घेतलं होतं, म्हणजे धार न लागता फुगीर पाठ बर्फावरून सरकेल. लेव्हल-पट्टीतला बुडबुडा मधोमध आला. आमच्या पोळपाटावर ताईंनी पोळ्या लाटल्या, तेवढ्या वेळात साडूभाऊंच्या मदतीला पात्याखाली आडवा होऊन मी आयुष्यातली सगळ्यात थंड फरशी पाठीखाली अनुभवली.

रात्री आम्ही तिथेच राहिलो आणि अंदाज खरा ठरला. सकाळी उजाडलं तेव्हा कुंपणाचे खांब बुडाले होते. फोन वाजू लागले. "ताई, कॅन्सल करायचं का? ड्राइव्ह करून यायचं म्हणजे..." ताई प्रत्येकीला सांगत, "थांब, कळवते," आणि खिडकीकडे बघत. साडूभाऊ ट्रॅक्टरवर चढले. मी पायरीवर उभा होतो आणि खरं सांगतो, घर माझं नव्हतं तरी मी मनात बाप्पाचा धावा करत होतो. पातं खाली आलं. ट्रॅक्टर निघाला आणि बर्फ लांब पट्टीनं कडेला वळत गेला. मागे राहिला तो पातळ, पांढरा, दाबलेला थर, आणि त्याखाली खडी जागच्या जागी. मी धावत जाऊन टाच आपटून पाहिली. घट्ट! एक दगड हलला नव्हता. साडूभाऊंनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा, आपण मागे काहीतरी शिल्लक ठेवलंय, या गोष्टीवर तो माणूस हसला. वळणावरचा बर्फ त्यांनी लांब रेटून ठेवला, पुढच्या बर्फाला जागा हवी म्हणून. मुख्य रस्ता साफ करणाऱ्या सरकारी गाडीनं ड्राइव्हवेच्या तोंडाशी रचलेला बर्फाचा बांधही फोडला. ताईंनी एकेकीला फोन केले. "या गं, सगळ्या या! रस्ता मोकळा आहे!" इतक्या मोठ्यानं की फोनची गरज नव्हती.

दुपारी, तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे छापील नकाशे हातात धरून, गाड्या रांगेनं वर आल्या. पैठण्यांखाली बर्फाचे बूट, बुटांचा दारात ढीग, आणि त्या मोठ्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. साडूभाऊ फाट्यावर ट्रॅक्टरवर बसून प्रत्येक गाडीला हात करत होते, एखाद्या मिरवणुकीच्या पुढाऱ्यासारखे. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर ताई शाल गुंडाळून बाहेर आल्या. त्यांनी आधी पात्याला हळदीकुंकू लावलं, मग साडूभाऊंच्या हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाल्या, "घर छान आहे हो आपलं." साडूभाऊंनी तिळगूळ तोंडात टाकला आणि वाऱ्यानं डोळ्यात पाणी आलं असं सांगितलं. वारा अजिबात नव्हता.

त्या घरात नंतर आणखी हळदीकुंकवं झाली. दोन हजार आठ साली त्यांच्या कंपनीनं काम टेक्सासला हलवलं आणि ते दोघं फ्रिस्कोला गेले. ट्रॅक्टर आणि पातं घराबरोबर राहिलं. पोळपाट मात्र ते घेऊन गेले. त्याच्या कडेला लोखंडाचा एक व्रण आहे आणि ताई त्याच्यावरच पोळ्या लाटतात. तिकडे बर्फाचं नाव नाही. इकडे पडला की टीव्हीवर बघून त्यांचा फोन येतो. "साडूभाऊ, किती पडला? खाली थोडा ठेवला ना?" आमच्या आताच्या घराच्या दारापुढे चार पावलांचं सिमेंट आहे. तिथे थोडा ठेवण्यात काही शहाणपण नाही, उलट घसरायला होतं. तरी मी एका कोपऱ्यात पोळपाटाच्या जाडीचा बर्फ राहू देतो. बायको दारातून ओरडते, "अहो, तिथं राहिलाय." मी म्हणतो, "राहू दे." आणि फोनवर त्यांना सांगतो, "ठेवलाय, साडूभाऊ."