साखरेतलं पाणी

वर्गात विघटन शिकवताना साखर तापवली, की त्या कडवट वासानं मी नव्वदच्या दशकातल्या निरवांगीच्या शाळेत पोचते. विज्ञान प्रदर्शन होतं, मी नववीत होते.

"साखर तापवली की तिच्यातनं पाणी निघतं," मी ठणकावून सांगितलं.

उसाला पाणी देण्यात जन्म घालवलेले शेजारचे तात्या हसले. "कोरड्या साखरंत पाणी कुठं हाय, पोरी?"

मी परीक्षानळी दिव्यावर धरली. तळाशी काळा कोळसा उरला आणि वरच्या गार काचेवर थेंब जमले. तात्यांनी वाकून थेंब निरखले.

"म्हंजे आमी पाजलेलं पाणी हितं हाय तर."

तेव्हा वाटलं, मी जिंकले. पण ऊस शेतातल्या पाण्यातनंच साखर घडवतो, म्हणजे तात्यांचंही खरंच होतं. आता थेंब दाखवून मुलांना सांगते, हे तात्यांचं पाणी.